थकलेले क्रेडिट कार्ड आणि वसुलीवाले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थकलेल्या कार्डाविषयी वाचक जे प्रश्न सातत्याने पाठवतात, त्यांतून ही प्रश्नोत्तरे संकलित केली आहेत. ती भारतातील बँकांनी दिलेल्या वैयक्तिक क्रेडिट कार्डांना लागू आहेत. अपवाद फक्त शेवटच्या प्रश्नाचा. उत्तरांमध्ये एक सल्ला अनेकदा येईल, तो आधीच सांगतो : बोलणी शक्यतो बँकेशी करावीत, लेखी करावीत आणि प्रत्येक कागदाची प्रत स्वतःजवळ ठेवावी. वसुलीवाल्याचा सारा जोर फोनवरच्या बोलण्यात असतो आणि त्या बोलण्याचा पुरावा बहुधा ग्राहकाच्या हाती राहत नाही.

१. बिलाची तारीख चुकली. आता पुढे नेमके काय काय होते?

देय तारीख उलटल्याबरोबर खात्यावर व्याज धरले जाऊ लागते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांनुसार विलंबशुल्क लावण्यासाठी, तसेच खाते थकल्याचे सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांना कळवण्यासाठी, थकबाकी तीन दिवसांहून अधिक काळ राहिलेली असावी लागते. एकदा ही सवलत ओलांडली की दिवस मात्र मूळ देय तारखेपासूनच मोजले जातात. विलंबशुल्क देय तारखेनंतर जी रक्कम बाकी उरते तिच्यावरच लावता येते. अर्धे बिल वेळेत भरले असेल, तर पूर्ण बिल धरून शुल्क आकारता येत नाही. कार्डधारकाला थकबाकीदार म्हणून कळवण्याआधी त्याला सात दिवसांची सूचना देणेही बंधनकारक आहे.

सुरुवातीला बँकेच्या स्वतःच्या कॉल सेंटरमधून आठवणीचे फोन येतात आणि नंतर प्रकरण बाहेरच्या वसुली संस्थेकडे जाते. किमान देय रक्कम देय तारखेपासून ९० दिवसांत पूर्ण भरली गेली नाही, तर खाते अनुत्पादक, म्हणजे बँकेच्या भाषेत एनपीए, ठरते. तडजोडीच्या बोलण्यांना बँक खऱ्या अर्थाने तयार होते ती बहुधा त्यानंतर. पण तोवर व्याज बरेच चढलेले असते आणि सिबिलवर डाग पडलेला असतो, त्यामुळे तडजोडीच्या आशेने मुद्दाम थांबणे महागात पडते.

२. दर महिन्याला किमान रक्कम भरतो आहे. तरी बाकी कमी का होत नाही?

कारण भरलेल्या पैशांतला मोठा वाटा व्याजात जातो. समजा, बाकी १,००,००० रुपये आहे आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे. महिन्याचे व्याज ३,५०० रुपये झाले, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ६३० रुपये. किमान देय रक्कम ५,००० रुपये भरली, तर मुद्दलातून सुटतात केवळ ८७० रुपये. शिवाय पूर्ण बिल भरले जात नाही तोवर नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. म्हणून किमान रक्कम भरून कार्ड वापरत राहणे हा मार्गच नव्हे. कार्ड वापरणे थांबवून बाकीचे हप्त्यांत रूपांतर करून मागावे, कारण त्याचा दर सहसा कार्डाच्या नेहमीच्या दराहून कमी असतो.

कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेता येत नाही, असे अजूनही अनेक जण लिहितात. ग्राहक आयोगाच्या ज्या २००८ च्या आदेशावर ही समजूत आधारलेली आहे, तो सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला आहे.

३. फोन करणारा खरोखर बँकेनेच नेमलेला आहे, हे कसे ओळखावे?

प्रकरण वसुली संस्थेकडे देताना बँकेने त्या संस्थेचा तपशील ग्राहकाला कळवायचा असतो. भेटीला येणाऱ्या माणसाजवळ ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र असले पाहिजे, शिवाय त्याने वसुली एजंटांसाठीचे विहित प्रशिक्षण पूर्ण केलेले असावे, अशी रिझर्व्ह बँकेची २००८ पासूनची अट आहे. फोनवर नाव, संस्थेचे नाव आणि अधिकारपत्राची प्रत ईमेलने मागावी. जो देण्याचे टाळतो त्याच्याशी पुढे न बोलता, कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर बँकेला फोन करून खात्री करावी.

ओटीपी, कार्डाच्या मागचा तीन अंकी क्रमांक किंवा मोबाइलमध्ये एखादे ॲप उतरवून घेण्याची सूचना खऱ्या वसुलीत कधीच येत नाही. ती आली तर तो भामटा समजावा आणि १९३० या सायबर मदतवाहिनीवर कळवावे.

४. फोन किती वाजेपर्यंत करू शकतात? दिवसातून किती वेळा?

सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर थकबाकीच्या वसुलीसाठी फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. दिवसातून किती फोन, याचा आकडा मात्र त्यात नाही. परंतु एकसारखे फोन करत राहणे, धमकावणे, निनावी फोन करणे, मोबाइलवर किंवा समाजमाध्यमांतून अयोग्य संदेश पाठवणे, हे सारे त्याच परिपत्रकाने निषिद्ध ठरवले आहे. बँकांच्या वसुलीविषयक आदर्श संहितेत आणखी एक गोष्ट आहे : घरात मृत्यू किंवा तशीच आपत्ती ओढवली असता तगादा लावू नये. तशी वेळ असेल, तर ती बँकेला ईमेलने कळवून ठेवावी.

सगळे फोन सरसकट टाळू नयेत, असे आमचे मत आहे. एकदा शांतपणे बोलून आपली अडचण सांगावी, पुढचा पत्रव्यवहार ईमेलने करण्याची विनंती करावी आणि त्याच दिवशी बँकेला तसे लिहून पाठवावे. त्यानंतर आलेल्या प्रत्येक फोनची तारीख, वेळ आणि क्रमांक वहीत टिपावा.

५. ते घरी आले तर दार उघडावेच लागेल का?

नाही. बँकेच्या माणसाला घरी भेटीला येता येते, पण परवानगीशिवाय घरात शिरण्याचा, वस्तूंना हात लावण्याचा किंवा बसून राहण्याचा अधिकार त्याला नाही. कार्डाचे कर्ज विनातारण असते, त्यामुळे न्यायालयाच्या आदेशावाचून टीव्ही, गाडी किंवा दागिने कोणीही नेऊ शकत नाही. दारातच ओळखपत्र आणि अधिकारपत्र पाहावे, त्यांचे छायाचित्र घ्यावे आणि सोयीची वेळ व जागा सांगावी. रोख रक्कम देऊ नये. भरणा करायचाच असेल, तर तो बँकेच्या ॲपमधून थेट कार्डखात्यात करावा. सोसायटीत राहत असाल, तर येणाऱ्याची नोंद रखवालदाराच्या वहीत होऊ द्यावी. ती पुढे उपयोगी पडते.

माणूस आरडाओरडा करू लागला किंवा जाण्यास नकार दिला, तर ११२ वर फोन करावा. गृह-अतिक्रमण आणि धमकी हे भारतीय न्याय संहितेच्या अनुक्रमे कलम ३२९ आणि ३५१ खालील गुन्हे आहेत, थकबाकी कितीही असली तरी. पोलीस ठाण्यात बहुधा अदखलपात्र नोंद, म्हणजे लोक जिला एनसी म्हणतात ती, करून घेतली जाते. ती किरकोळ मानून सोडू नये, तिची प्रत मागून घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (प्रश्न ९) ती उत्तम पुरावा ठरते. गुंडांकरवी वसुली करण्याच्या प्रकारावर सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच कठोर ताशेरे ओढले आहेत आणि एजंटाच्या वर्तनाची जबाबदारी बँकेचीच राहते, ही रिझर्व्ह बँकेची भूमिका आहे. तेव्हा ‘तो आमचा माणूस नाही’ हे बँकेचे उत्तर ऐकून घेऊ नये.

६. माझ्या आईला, शेजाऱ्यांना आणि कार्यालयात फोन करून माझी थकबाकी सांगतात. हे चालते का?

मुळीच नाही. चारचौघांत अपमान करणे, तसेच कुटुंबीय, मित्र किंवा अर्जात नाव दिलेल्या परिचितांच्या खासगीपणात घुसणे, याला कार्डविषयक निर्देशांत थेट मनाई आहे. संपर्क होत नाही म्हणून ग्राहकाचा ठावठिकाणा विचारणे आणि त्याच्या कर्जाचा आकडा दुसऱ्याला सांगणे, यांत फरक आहे. दुसऱ्या गोष्टीला कोणतेही समर्थन नाही. ज्या नातेवाइकाला फोन आला त्याने स्वतःच्या शब्दांत दोन ओळींचा ईमेल किंवा संदेश लिहून द्यावा. आई-वडिलांना आधीच सांगून ठेवावे की, ‘आम्ही जामीनदार नाही, त्याच्याशीच बोला’ एवढेच म्हणून फोन ठेवावा. म्हातारी माणसे घाबरून स्वतःच्या ठेवी मोडतात, अशी पत्रे आमच्याकडे येतात, आणि वसुलीवाल्यांना ही दुखरी नस चांगली ठाऊक असते.

७. कार्ड थकले म्हणून अटक होऊ शकते का?

पैसे भरता न येणे हा गुन्हा नाही. तो दिवाणी वाद आहे. ‘वॉरंट निघाले आहे’, ‘हवालदार निघाले आहेत’ असे सांगणारा फोन खोटा समजावा. अपवाद मात्र तीन आहेत. तडजोडीच्या हप्त्यांसाठी दिलेला धनादेश वटला नाही, तर चलनक्षम दस्तऐवज कायद्याचे कलम १३८ लागू होऊ शकते. खात्यातून आपोआप वळती होण्यासाठी दिलेली बँक-सूचना शिलकीअभावी परत गेली, तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचे कलम २५ तसाच परिणाम घडवते, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असते. या दोन्ही प्रकारांत बँकेला आधी लेखी मागणी करावी लागते आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले तर फौजदारी खटला उभा राहत नाही. तिसरा अपवाद खोट्या पगारपत्रकावर किंवा बनावट कागदांवर कार्ड मिळवल्याचा. तेथे फसवणुकीचा गुन्हा होतो.

दिवाणी हुकूमनाम्याच्या, म्हणजे दिवाणी न्यायालयाने दाव्यात दिलेल्या अंतिम आदेशाच्या, अंमलबजावणीत दिवाणी कैदेची तरतूद आहे खरी. पण ऐपत असूनही जो अप्रामाणिकपणे पैसे देत नाही त्याच्यासाठीच ती आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये ठरवून दिले आहे.

८. व्हॉट्सॲपवर वकिलाची नोटीस, लोकअदालतीचे बोलावणे आणि लवादाचे पत्र आले आहे. तिन्ही खरी मानावीत का?

तिन्हींचे वजन सारखे नाही, म्हणून वेगवेगळे पाहावे.

वकिलाची नोटीस ही केवळ मागणी आहे. तिला थोडक्यात लेखी उत्तर द्यावे : हिशेबाचा तपशील मागावा, अडचण सांगावी, किती भरू शकाल ते लिहावे. मात्र लिहिण्यापूर्वी प्रश्न १३ वाचावा, कारण जुन्या थकबाकीबाबत लेखी कबुलीचे परिणाम होतात.

लोकअदालतीत तडजोड दोघांच्या संमतीनेच होते. गेले नाही म्हणून शिक्षा होत नाही; पण तेथे सही केलेली तडजोड न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच बंधनकारक असते आणि तिच्यावर अपील नाही. आकडा परवडणारा असेल तर जाण्यासारखे ठिकाण आहे. हप्ते पेलणार नसतील तर भिडेखातर सही करू नये.

लवाद म्हणजे न्यायालयाबाहेर वादाचा निवाडा करणारा मध्यस्थ. त्याचे पत्र सर्वांत गांभीर्याने घ्यावे. बँकेने एकतर्फी नेमलेल्या लवादाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आणि घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निर्णय दिले आहेत, म्हणून अशी नेमणूक मान्य नसल्याचे लवाद आणि बँक दोघांनाही लगेच लेखी कळवावे. गप्प राहिल्यास निवाडा होतो आणि तो हुकूमनाम्यासारखा राबवता येतो. निवाड्याला आव्हान द्यायची मुदत तीन महिने असून, सबळ कारण असल्यास न्यायालय आणखी ३० दिवसच देऊ शकते.

न्यायालयाचे समन्स खरे आहे की नाही, हे ई-कोर्ट्स सेवेत सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र क्रमांक) टाकून तपासता येते. बँकेने संक्षिप्त दावा, म्हणजे झटपट निकालाच्या पद्धतीचा दावा, लावला असेल, तर समन्स मिळाल्यापासून हजर राहण्यासाठी दहाच दिवस असतात. तेव्हा मात्र वकील गाठावा. ज्यांना परवडत नाही त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करावी. महिलांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

९. तक्रार कुठे आणि कशी करावी?

आधी बँकेकडे, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. हा क्रम सोडल्यास तक्रार परत येते. बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करून तक्रार क्रमांक घ्यावा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर विनाविलंब रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवावी. शुल्क नाही आणि वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा निःशुल्क क्रमांक आहे.

तक्रारीत भावना कमी आणि तारखा जास्त असाव्यात. ‘एजंट फार त्रास देतात’ या वाक्याने काहीच साधत नाही. ‘अमुक तारखेला रात्री ८.४० वाजता अमुक क्रमांकावरून फोन आला, अमुक शब्द वापरले, ध्वनिमुद्रण सोबत आहे’ या वाक्याने साधते. ध्वनिमुद्रण मूळ फोनमध्ये तसेच राहू द्यावे.

आणखी एक उपयोगी नियम : ग्राहकाची तक्रार प्रलंबित असताना तिचा निकाल लागेपर्यंत बँकेने प्रकरण वसुली संस्थेकडे देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेचे २००८ चे परिपत्रक सांगते. हे संरक्षण खऱ्या तक्रारीलाच आहे. केवळ वेळ काढण्यासाठी वारंवार तक्रारी केल्याचे बँकेने दाखवून दिले, तर ते मिळत नाही.

१०. एजंट म्हणतो, ‘आजच निम्मे भरा, खाते बंद करून देतो.’ विश्वास ठेवावा का?

त्याच्या शब्दावर नाही. तडजोडीचे पत्र बँकेच्या नावाने आणि बँकेच्या अधिकृत ईमेलवरून आले पाहिजे. त्यात खात्याचे शेवटचे चार अंक, एकूण रक्कम, भरण्याच्या तारखा आणि ही रक्कम पूर्ण व अंतिम असल्याचे स्पष्ट वाक्य असावे. ते हाती पडेपर्यंत एक रुपयाही भरू नये, आणि एजंटाच्या वैयक्तिक यूपीआयवर तर कधीच भरू नये. हप्त्यांत ठरले असेल, तर एक हप्ता चुकल्यास तडजोड रद्द होऊन मूळ आकडा परत लागू होतो, असे कलम बहुतेक पत्रांत असते. म्हणून रक्कम ठरवताना हातचे राखून बोलावे. पैसे भरल्यावर देणे नसल्याचा दाखला मागून घ्यावा.

महिनाअखेरीस आणि मार्चमध्ये ‘आजच’चा लकडा वाढतो, कारण तेव्हा वसुलीची उद्दिष्टे गाठायची असतात. ती घाई त्यांची असते.

तडजोडीची किंमतही लक्षात घ्यावी. पतअहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा येतो आणि साधारणपणे सात वर्षे दिसत राहतो. पूर्ण भरणा केल्यास ‘क्लोज्ड’ येते. लवकरच गृहकर्ज घ्यायचे असेल, तर थोडे थांबून पूर्ण फेडणे परवडू शकते. शेरा चुकीचा आला, तर पतमाहिती कंपनीकडे दुरुस्ती मागावी. ३० दिवसांत ती झाली नाही, तर त्यापुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

११. माझे पगाराचे खाते त्याच बँकेत आहे. बँक तिथून पैसे वळते करू शकते का?

कार्डाच्या करारात तसे कलम बहुधा असते, आणि बँकेचा धारणाधिकार, म्हणजे येणे वसूल होईपर्यंत ग्राहकाचे आपल्याकडे असलेले अडवून ठेवण्याचा हक्क, भारतीय करार कायद्याच्या कलम १७१ ने मान्य केला आहे. त्यामुळे खाते गोठल्याचे पगाराच्या दिवशी कळणे, हा प्रकार घडतो. थकबाकीची शक्यता दिसू लागताच पगार दुसऱ्या बँकेत घेण्याची व्यवस्था करावी. खाते दुसऱ्यासोबत संयुक्त असेल आणि कार्ड एकट्याचे असेल, तर अशा वळतीला लेखी हरकत घ्यावी. दुसऱ्या धारकाचे ते देणे नसते.

१२. न्यायालयाचा हुकूमनामा झालाच, तर काय काय जप्त होते?

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने बरेच काही वाचवले आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे व राहते घर आणि धार्मिक रूढीनुसार स्त्रीला उतरवता न येणारे दागिने जप्त होत नाहीत. मंगळसूत्राला हात लावू, असे सांगणाऱ्याला हे कलम दाखवावे. भविष्यनिर्वाह निधीही सुरक्षित राहतो. पगारातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्यापैकी दोन तृतीयांश सोडून बाकीचाच भाग जप्त करता येतो. थकबाकी २० लाख रुपयांपेक्षा कमी असेल, तर प्रकरण कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जात नाही, दिवाणी न्यायालयातच चालते.

१३. थकबाकीला तीन वर्षे होऊन गेली. आता देणे संपले का?

दावा लावण्याची मुदत संपते, देणे संपत नाही. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार अशा वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे आणि ती उलटल्यावर लावलेला दावा न्यायालयाने फेटाळायचा असतो. बँक त्यानंतरही पैसे मागू शकते आणि पतअहवालातील नोंदही लगेच पुसली जात नाही.

खरी खोच मोजणीत आहे. मुदत शिल्लक असताना कर्जाची सही केलेली लेखी कबुली दिली किंवा काही रक्कम भरली, तर तीन वर्षे नव्याने सुरू होऊ शकतात. ‘टोकन म्हणून हजार रुपये टाका, फोन बंद करतो’ या गोड बोलण्यामागे पुष्कळदा हेच असते. मुदत संपल्यानंतरही सहीनिशी ‘फेडीन’ असे लिहून दिले, तर करार कायद्याच्या कलम २५ नुसार ते वचन बंधनकारक ठरते. म्हणून जुन्या खात्याबाबत काहीही लिहिण्याआधी शेवटच्या भरण्याची तारीख काढावी आणि वकिलाला दाखवावी.

१४. आता दुसरीच कंपनी म्हणते, ‘तुमचे कर्ज आम्ही विकत घेतले.’ हे शक्य आहे का?

शक्य आहे, बँका थकीत खाती मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकतात. मात्र हस्तांतरणाची सूचना मूळ बँकेकडून मागावी आणि पतअहवालात धनकोचे नाव बदलले आहे का, हे पाहावे. चारही पतमाहिती कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य देतात. खात्री झाल्यावर बोलणी नव्या कंपनीशीच करावी लागतात. तडजोडीची पथ्ये प्रश्न १० प्रमाणेच.

१५. वडील वारले. त्यांच्या कार्डाचे पैसे मुलांनी भरायचे का?

वडिलांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेतून, आणि तेवढ्याच मर्यादेत. वारसाच्या स्वतःच्या कमाईला किंवा मालमत्तेला हे देणे चिकटत नाही. पित्याचे कर्ज फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य मानून वसुली करण्याची जुनी वाटही २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने त्यानंतरच्या कर्जांपुरती बंद केली आहे. मृत्यूचा दाखला बँकेला देऊन पोच घ्यावी, कार्डासोबत विमा होता का हे विचारावे आणि भावनेच्या भरात कोणत्याही हमीपत्रावर सही करू नये. कार्ड वडिलांच्या नावे आणि मुलाकडे फक्त पूरक कार्ड असेल, तर मूळ देणेदार वडीलच राहतात. परंतु मृत्यूनंतर त्या पूरक कार्डावर खरेदी केली, तर प्रकरण फसवणुकीकडे झुकते.

१६. तो व्यवहार मी केलेलाच नाही, किंवा कार्ड मी मागितलेच नव्हते. तरी वसुली सुरू आहे. काय करावे?

फसवणुकीचा म्हणून हरकत घेतलेल्या व्यवहारावर वादाचा निकाल लागेपर्यंत शुल्क लावता येत नाही. दोष बँकेचा किंवा ग्राहकाचा नसून तिसऱ्याच कोणाचा असेल आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तक्रार केली असेल, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाकडे राहते. वादाबाहेरची रक्कम मात्र वेळेत भरत राहावी, नाहीतर खऱ्या तक्रारीतही आपण थकबाकीदार ठरतो.

न मागता दिलेल्या कार्डावर आकारणी केली असेल, तर बँकेने ती मागे घ्यायची आणि शिवाय तिच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून ग्राहकाला द्यायची असते. तक्रारीत ही मागणी आकड्यानिशी करावी. मार्ग प्रश्न ९ चाच.

१७. दुबईत असताना घेतलेले कार्ड थकवून रत्नागिरीला परत आलो. आता मुंबईतून वसुलीचे फोन येतात. तिकडचे कर्ज इथे वसूल होते का?

होऊ शकते. भारत सरकारने जानेवारी २०२० मध्ये संयुक्त अरब अमिरातीला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली परस्पर प्रदेश म्हणून अधिसूचित केले. तेथील अधिसूचित न्यायालयांचे पैशांचे हुकूमनामे इथल्या जिल्हा न्यायालयात थेट राबवता येतात. नव्याने दावा लावण्याची गरज उरत नाही. मात्र हुकूमनामा गुणदोषांवर, म्हणजे वादाची बाजू तपासून, दिलेला नसेल किंवा समन्सच मिळाले नसेल, तर त्याच संहितेच्या कलम १३ खाली त्याला हरकत घेता येते. म्हणून फोन करणाऱ्याकडे पहिली मागणी हुकूमनाम्याच्या प्रमाणित प्रतीची करावी. ती नसेल, तर त्याच्याजवळ केवळ मागणी आहे; त्याच्या धमक्यांना भारतीय फौजदारी कायदा (प्रश्न ५) जसाच्या तसा लागू होतो, आणि तडजोड करायचीच झाली, तर मूळ परदेशी बँकेच्या अधिकृत ईमेलवरून पत्र आल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.